वासेनचे चर्च तीनदा दिसते

स्वित्झर्लंडच्या उरी प्रांतात वासेन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावातील उंचवट्यावर पांढऱ्या भिंतींचे एक चर्च उभे आहे. युरोपातील थोर वास्तूंच्या यादीत त्याला कोणी बसवणार नाही. परंतु रेल्वेवर प्रेम करणाऱ्या माणसांच्या मनात त्याचे स्थान एखाद्या तीर्थासारखे आहे. उत्तरेकडून गॉटहार्डच्या जुन्या मार्गाने गाडी येऊ लागली की हे चर्च प्रथम मान वर करून पाहावे लागते. गाडी बोगद्यात शिरते, बाहेर येते, तो चर्च खिडकीच्या पातळीवर आलेले. पुन्हा बोगदा, पुन्हा उजेड, आणि आता तेच चर्च खाली दरीत बसलेले. नवखा प्रवासी शेजाऱ्याला विचारतो, या गावात चर्चे आहेत तरी किती?

चर्च एकच आहे. फेरे गाडी घालते. रॉइस नदीची ही दरी इतकी उभी आहे की सरळ रूळ टाकले असते तर कोणतेही इंजिन ती चढू शकले नसते. म्हणून अभियंत्यांनी मार्ग मुद्दाम लांबवला. एका जागी डोंगराच्या पोटात पूर्ण वर्तुळ, पुढे दोन ठिकाणी माघारी वळणारे बोगदे. आणि चढ कुठेही हजार मीटरला सत्तावीस मीटरच्या पुढे जाऊ दिला नाही. एर्स्टफेल्डपासून गोशेनेनपर्यंत सुमारे ६३० मीटरची उंची गाडी अशी हप्त्याहप्त्याने फेडते. गोशेनेनला मोठा बोगदा सुरू होतो, आणि पंधरा किलोमीटरच्या अंधारानंतर ऐरोलो येथे गाडी बाहेर पडते. तेथे भाषा इटालियन.

छोट्या गाड्यांचे वेड असलेले आमच्यासारखे लोक जगभर याच दरीची प्रतिकृती करू पाहतात. लुसर्नच्या वाहतूक संग्रहालयात तर एर्स्टफेल्ड ते गोशेनेन या टप्प्याचे मोठे मॉडेल आहे. माणसे आधी ते पाहतात आणि मग खरा मार्ग पाहायला जातात. या छंदातील सर्वांत रूढ प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. म्हणजे खऱ्या गाडीचे सत्त्याऐंशी मीटर ते आपल्या फळीवरचे एक मीटर. आता हिशेब मांडून पाहावा. एर्स्टफेल्ड ते गोशेनेन ही उंची या प्रमाणात सव्वासात मीटर होते; दुमजली घराचे छत फोडून वर जावे लागेल. मोठा बोगदा १७२ मीटर लांब होतो. खऱ्या मार्गावरचे तीव्रातले तीव्र वळण २८० मीटर त्रिज्येचे, ते मॉडेलमध्ये सव्वातीन मीटर त्रिज्येचे होते. आणि दुकानात मिळणारे लहानात लहान वळण असते ३६ सेंटीमीटरचे. तेव्हा मॉडेल करणारा प्रत्येक जण काटछाट करतो. दरी आखूड, वळणे आवळलेली, आणि बोगदा तर केवळ दोन दरवाजांपुरता. हे लबाडीचे काम नव्हे, पण काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निवाडा मात्र प्रत्येकाला स्वतः करावा लागतो. माझ्या मते या छंदाचा खरा रस तेथेच आहे.

या छंदाचा व्यापार कसा उभा राहिला, ही कथा पेढीवर बसणाऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. जर्मनीतील ग्योपिंगेन गावी १८५९ मध्ये मेर्क्लिन नावाच्या कुटुंबाने बाहुल्यांच्या भातुकलीसाठी पत्र्याची भांडी बनवण्याचा उद्योग सुरू केला. १८६६ मध्ये घरधनी वारला. पत्नी कॅरोलिन हिने धंदा मिटवला नाही. ती स्वतः मालाचे नमुने घेऊन दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये गावोगाव फिरत असे. त्या काळात स्त्रीने फिरती विक्री करणे ही अपूर्वाई होती. पुढे मुलांनी कारभार हाती घेतला आणि १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत एक नवी गोष्ट मांडली: किल्लीची गाडी, आठच्या आकड्यासारखा रूळ, आणि रुळांची ठरावीक, क्रमांक दिलेली मापे. मापे ठरली म्हणजे या वर्षी घेतलेल्या रुळाला पुढच्या वर्षीचा रूळ जुळणार. गाडी एकदाच विकायची वस्तू राहिली नाही. दर सणाला एक डबा, एक स्थानक, एक पूल. भातुकलीच्या भांड्यांतून शिकलेली विद्याच त्यांनी रुळांवर चालवली. हीच कंपनी आपल्या दीडशेव्या वर्षी, २००९ मध्ये, दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली, सावरली आणि नंतर दुसऱ्या एका खेळणी-व्यवसायातील घराण्याकडे गेली.

एक कबुली येथे द्यायला हरकत नाही. श्रावकाला परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे, आणि मी इंजिनांचे परिमाण अकरावर ठेवले आहे. कंपन्यांची वार्षिक सूचीपत्रे हे परिमाण मोडण्यासाठीच छापली जातात, असा माझा पक्का समज आहे.

त्या अकरांतील पहिले मानाचे स्थान ‘मगरी’चे. पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडला परदेशी कोळसा मिळेनासा झाला. देशात कोळसा नव्हता, पाणी मात्र उदंड होते. म्हणून गॉटहार्डचा मार्ग विजेवर नेण्याचे काम जोराने हाती घेतले गेले आणि १९२२ पर्यंत ते पूर्ण झाले. त्या मार्गावर मालगाड्या ओढण्यासाठी विंटरथूर आणि ऑर्लिकॉन येथील कारखान्यांनी एक विलक्षण इंजिन घडवले. मध्ये चालकाची खोली, पुढेमागे दोन लांब नाकाडी, तिन्ही भाग एकमेकांशी बिजागरीसारखे जोडलेले, आणि खाली चाकांना फिरवणारे जाडजूड दांडे. वळणावर ते सरपटत वळे, म्हणून लोकांनी त्याला मगर म्हटले. मेर्क्लिनने १९४७ मध्ये त्याचे छोटे रूप बाजारात आणले. आजही संग्राहकांत त्याच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या इंजिनाला मिळतो.

या मगरीचे एक भावंड आपल्या घाटातही वावरले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईहून पुण्याकडे बोरघाट आणि नाशिककडे थळघाट विजेवर चालू झाले, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने त्याच विंटरथूरच्या कारखान्याकडून मालगाड्यांसाठी इंजिने आखून घेतली. १९२८ पासून ती आली. काही तेथे घडली, बहुतेक इंग्लंडमध्ये. तेच लांब नाक, तेच दांडे. पण आपल्या लोकांनी त्यांना मगर म्हटले नाही. त्यांनी नाव दिले ‘खेकडा’. उभे असताना ते इंजिन एक विचित्र कण्हल्यासारखा आवाज करी. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. छोट्या गाड्यांची गोडी कोणाला घरबसल्या लावून घ्यायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन अवश्य जावे.

आता त्या मोठ्या बोगद्याकडे येऊ. मॉडेलमध्ये बोगद्याचे दोन दरवाजे असतात आणि मधली जागा पाहणाऱ्याच्या नजरेआड असते. जर्मन छंदिष्टांनी त्या जागेला सुंदर नाव दिले आहे: छायास्थानक. डोंगराच्या आत लपवलेल्या रुळांवर गाड्या थांबवून ठेवायच्या आणि वेळ झाली की एकेक बाहेर सोडायची. पाहणाऱ्याला वाटते, गाडी दुरून आली. खऱ्या गॉटहार्डच्या बोगद्यातही बरेच काही नजरेआड राहिले आहे.

हा मार्ग व्हावा म्हणून इटलीने साडेचार कोटी फ्रँक, जर्मनीने दोन कोटी आणि स्वित्झर्लंडने दोन कोटी फ्रँक अनुदान देऊ केले. बोगद्याच्या कंत्राटासाठी १८७२ मध्ये निविदा आल्या. एक प्रमुख स्पर्धक होता इटलीचा ग्रातोनी. आल्प्समधला फ्रेज्युस बोगदा खणणाऱ्या अभियंत्यांपैकी तो एक. त्याने नऊ वर्षे मागितली. दुसरा जिनिव्हाजवळचा लुई फाव्र, सुताराच्या घरात जन्मलेला, हिंमतीवर वर आलेला कंत्राटदार. एवढ्या लांबीचा बोगदा त्याने कधी खणलेला नव्हता. त्याने कमी पैसे मागितले आणि आठच वर्षे मागितली. काम त्याला मिळाले.

कराराच्या अटी वाचताना धंदेवाईक माणसाच्या अंगावर काटा येतो. ऐंशी लाख फ्रँक अनामत. मुदतीनंतर प्रत्येक दिवसाला पाच हजार फ्रँक दंड; सहा महिन्यांनंतर तोच दंड दिवसाला दहा हजार; आणि वर्ष उलटले की सारी अनामत जप्त. मुदतीआधी संपवले तर दिवसाला पाच हजारांचे बक्षीस, तेही खरे. परंतु खडक करारावर सही करत नसतो. आत कोठे पाण्याचे लोट निघाले, कोठे भुसभुशीत माती लागली, हवा तीस अंशांच्या वर तापली. प्रत्येक वाया गेलेला दिवस फाव्रच्या खात्यावर नावे पडत होता, आणि तो ती तूट एकाच ठिकाणाहून भरून काढू शकत होता: आत काम करणाऱ्यांच्या श्वासातून.

ही अतिशयोक्ती नव्हे. हे मजूर बहुतेक इटलीतून आलेले होते. सुरुंगानंतर डायनामाइटचा धूर निवळण्याची वाट पाहायला वेळ नव्हता. संपीडित हवा यंत्रांना पुरवली जाई, तिच्यातली उरलीसुरली फुप्फुसांना. दगड ओढणारे घोडे त्या हवेत तडफडून मरत. ज्यांनी बोलता येत नसलेल्या जिवांचा विचार करायला लहानपणापासून शिकवले गेले आहे, त्यांना हा तपशील ओलांडून पुढे जाता येणार नाही. शौचाची व्यवस्था नव्हती. त्या उबदार चिखलातून एका कृमीचा संसर्ग अनवाणी पायांवाटे पसरला आणि माणसे रक्त आटून पांढरी पडू लागली. ट्यूरिनचे प्राध्यापक पेरोनचितो यांनी १८८० मध्ये त्याचे कारण शोधले. १८७५ च्या जुलैमध्ये गोशेनेनच्या मजुरांनी धुरात पुन्हा शिरायला नकार दिला आणि मजुरीत वाढ मागितली. त्यांना उठवण्यासाठी सशस्त्र शिपाई आले. गोळीबार झाला, चार मजूर मेले. काम पुन्हा सुरू झाले.

फाव्रला खलनायक करून टाकणे सोपे आहे. मला ते पटत नाही. तो दूर शहरात बसून कागद हलवणारा मालक नव्हता. तो स्वतः बोगद्यात असे. १९ जुलै १८७९ रोजी एका पाहुण्या अभियंत्याला काम दाखवत असताना तो आतच कोसळला आणि गेला; वय त्रेपन्न. पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्हीकडची माणसे एकमेकांना भेटली. सात-साडेसात वर्षे डोंगराच्या दोन टोकांकडून आंधळेपणाने खणून मध्ये फरक पडला तो आडवा ३३ सेंटीमीटर आणि उभा ५ सेंटीमीटर. त्या पहिल्या छिद्रातून पलीकडे प्रथम काय गेले? एका डबीत ठेवलेले फाव्रचे चित्र. गणित जिंकले, करार मात्र हरला. पक्के काम संपायला मुदतीनंतर वर्षाहून अधिक काळ लागला, अनामत बुडाली आणि फाव्रची पेढी दिवाळ्यात निघाली. अधिकृत नोंदीप्रमाणे बोगद्यात १९९ मजूर मेले. रोग घेऊन घरी परतले आणि तेथे गेले, त्यांची नावे त्या संख्येत नाहीत.

कमी बोली लावणाऱ्याकडून काम घेताना ती बोली खरोखर कोण पुरवणार आहे, हा प्रश्न १८७२ च्या त्या बैठकीत कोणी विचारला असेल, असे मला वाटत नाही. आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यात शेकडो निविदा उघडल्या आहेत. आपणही तो क्वचितच विचारतो.

या मार्गामागचा सर्वांत मोठा कर्ता पुरुष आल्फ्रेड एशर याचीही गत फार वेगळी झाली नाही. रेल्वेला भांडवल मिळावे म्हणून त्याने १८५६ मध्ये झुरिकला बँक काढली; तीच पुढे क्रेडिट स्विस झाली आणि २०२३ मध्ये यूबीएसच्या पोटात गेली. गॉटहार्डचा खर्च हाताबाहेर गेला तेव्हा १८७८ मध्ये त्याला अध्यक्षपद सोडावे लागले, आणि बोगदा आरपार झाला त्या प्रसंगाचे निमंत्रणही त्याला गेले नाही. आज झुरिकच्या मुख्य स्थानकासमोर त्याचा पुतळा आहे. पर्यटक त्याच्या पायाशी बसून सँडविच खातात.

खासगी कंपन्यांच्या या चढउतारांना स्विस जनता कंटाळली. फेब्रुवारी १८९८ मध्ये सार्वमत झाले आणि सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी रेल्वे राष्ट्राच्या मालकीची करण्याचा कौल दिला. १९०२ पासून संघराज्याची रेल्वे सुरू झाली. पुढचे मोठे निर्णयही असेच मतपेटीतून आले, आणि मला वाटते स्विस गाड्यांच्या प्रसिद्ध वक्तशीरपणाचे मूळ घड्याळांत नसून येथे आहे. घड्याळेही सुरेख आहेत, यात शंका नाही: हान्स हिल्फिकर याने १९४४ मध्ये आखलेली ती तबकडी, आणि नंतर आलेला तो लाल सेकंदकाटा, जो साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी संपवून वर क्षणभर थबकतो आणि मिनिटाचा इशारा मिळाला की पुढे निघतो. परंतु खरी कारागिरी वेळापत्रकात आहे.

ती अशी. १९८२ पासून त्या देशात मुख्य गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटतात. १९८७ मध्ये ‘रेल्वे २०००’ या योजनेला सार्वमताने मान्यता मिळाली. त्याआधी एका अतिवेगवान मार्गाची कल्पना निघाली होती, पण ज्या प्रांतांच्या वाट्याला तो येणार नव्हता त्यांनी विरोध केला. मग वेगळा विचार झाला. मोठ्या स्थानकांवर सर्व दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या किंचित आधी याव्यात, काही मिनिटे शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात, आणि प्रवाशांची अदलाबदल झाली की सर्वांनी तास भरताच निघावे. हे जमायचे तर दोन मोठ्या स्थानकांमधले अंतर एका तासाहून थोड्या कमी वेळात कापले गेले पाहिजे. बर्न ते झुरिक प्रवासाला तासाहून अधिक लागत असे. नवा मार्ग बांधला गेला आणि डिसेंबर २००४ मध्ये तो वेळ छप्पन्न मिनिटांवर आला. आणखी वेगाने नेणे अशक्य होते असे नाही. त्याची गरज नव्हती. पन्नास मिनिटांत पोहोचलेला प्रवासी पुढच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभाच राहिला असता. मी एकदा त्या गाडीत बसून एक सामायिक केले. अठ्ठेचाळीस मिनिटे झाली, उठलो, पिशवी आवरली, आणि झुरिक आले.

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे उन्हाळ्यात तेथे जातात. बरोबर महाराज असतो, खाकऱ्यांची पाकिटे असतात, चौविहार पाळणाऱ्यांची वेळेची गणिते असतात. आणि सारा प्रवास मात्र वातानुकूलित बसमधून होतो. गॉटहार्ड ओलांडायचा तो मोटारींच्या बोगद्याने. रेल्वेशी गाठ पडते ती युंगफ्राउच्या बर्फावर जाण्यापुरती. एवढा खर्च करून त्या देशातली सर्वांत पाहण्याजोगी वस्तू न पाहता परतायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

जून २०१६ मध्ये जुन्या बोगद्याच्या पुष्कळ खालून जाणाऱ्या ५७ किलोमीटरच्या नव्या बोगद्याचे उद्घाटन झाले. मॉडेलच्या प्रमाणात तोही साडेसहाशे मीटरचा होईल. कोणी करू धजणार नाही, आणि करून पाहण्यासारखे तरी काय, नुसता अंधार. तो खणताना नऊ माणसे गेली. एकशे नव्याण्णवांच्या शेजारी नऊ हा आकडा मांडला की दीडशे वर्षांत काय घडले ते कळते. पण नऊ म्हणजे शून्य नव्हे, आणि तेथेही त्यांच्या स्मृतीची खूण उभारलेली आहे. वेगवान गाड्या आता त्याच मार्गाने जातात आणि त्यांतल्या प्रवाशांना वासेनचे चर्च एकदाही दिसत नाही.

जुना मार्ग मात्र बंद पडलेला नाही. ‘ट्रेनो गोत्तार्दो’ नावाची तांबूस रंगाची गाडी डिसेंबर २०२० पासून त्या जुन्या रुळांवरून लोकार्नोपर्यंत जाते. पुढच्या खेपेस एक दिवस बस सोडून ती धरावी. वासेनला ती थांबत नाही; चर्च तीनदा पाहून घ्यावे, आणि मोठा बोगदा संपताच ऐरोलोला उतरावे. स्थानकाजवळच एक कांस्यशिल्प आहे. टिचिनो प्रांताचा शिल्पकार विंचेन्झो वेला याने बोगदा सुरू झाला त्या सुमारास ते घडवले, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाच्या पैशाने नव्हे. मेलेल्या सोबत्याला अंधारातून वाहून नेणारे मजूर त्यात आहेत. वेला १८९१ मध्ये वारला. त्याचे शिल्प कांस्यात ओतून ऐरोलोला बसवले गेले ते १९३२ मध्ये, मार्गाच्या पन्नासाव्या वर्षी. माझ्या फळीवरील ऐरोलोच्या फलाटाशेजारी नखाएवढी एक तपकिरी पाटी आहे, ती त्याचीच. पुढची गाडी तासाभराने येते. तेवढा वेळ तेथे पुरेसा होतो.